युरिया-डीएपीची गोळी, लावणीची दोरी आणि आंब्याच्या अढीतला पेंढा : चार पावसाळे वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

या तिन्ही गोष्टी मी भाताच्या चारसूत्री पद्धतीसाठी वापरल्या. मार्क आधीच देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. गोळीला पाचपैकी चार स्टार, रेडिमेड दोरीला दोन, आणि ज्या गोष्टीचा एक रुपयाही लागला नाही त्या पेंढ्याला पाचपैकी पाच. आता ज्यांना भातशेती करायचीये त्यांनी पुढचं सावकाश वाचा, कारण मी पहिली दोन वर्षं जी चूक केली ती मला दिसेल त्या प्रत्येक घरात चाललेली दिसते.

आमचं राजापूरकडचं खालच्या अंगाचं 18 गुंठ्यांचं भात, एक खाचर 10 गुंठ्यांचं आणि त्याला लागून 8 गुंठ्यांचं. शिवाय पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला 5 गुंठे, तिथे वायंगण म्हणजे उन्हाळी भात करतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पद्धत एकच, मार्चमध्ये टहाळ (झाडांच्या फांद्या) तोडायचा, तरव्याच्या (रोपवाटिकेच्या) जागेवर शेण-पाला-गवत पसरून भाजावळ करायची म्हणजे ते जाळायचं, जुलैत जमेल तशी आडवीतिडवी लावणी आणि मग युरियाची अख्खी 45 किलोची गोण आणि 25 किलो मिश्रखत दोन-तीन वेळेला फेकून द्यायचं. फेकायच्याच दिवशी पाऊस आला की ते बांधावरून खालच्या शेजाऱ्याच्या मळ्यात. हे सगळं करून 10 गुंठ्यात वाळवलेलं भात काट्यावर 270 ते 290 किलो, त्याच्या वर कधी गेलं नाही.

चारसूत्रीचं नाव कोकणात नवीन नाही, डॉ. नारायण सावंत यांनी बसवलेली पद्धत, कृषी खात्याची माणसं कित्येक वर्षं प्रात्यक्षिकं करतायत. चार सूत्रं म्हणजे भाताचेच अवशेष परत शेतात घालायचे (तुसाची काळी राख तरव्याला आणि पेंढा खाचरात), दुसरं गिरिपुष्पाचा म्हणजे आपल्याकडच्या उंदीरमारीचा पाला, तिसरं दोरीवर नियंत्रित लावणी आणि चौथं गोळी. आमच्या वाडीत पण एकदा प्रात्यक्षिक झालं होतं आणि त्यातून लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की गोळी खोचायची. मी पण दुकानात जाऊन तेच केलं, गोळी आणली, दोरी आणली, झालं म्हटलं चारसूत्री.

तर आधी गोळीबद्दल. युरिया आणि डीएपी 60-40 च्या प्रमाणात दाबून केलेली साधारण 2.7 ग्रॅमची गोळी असते, उशीच्या आकाराची. लावणी अशी करायची की दोरीवर 15 सेंटिमीटर मग 25 मग परत 15 अशा खुणा आणि ओळींमधलं अंतर पण तसंच 15 नि 25. त्याने चार चुडांचे (चूड म्हणजे एका जागी लावलेली रोपं) चौकोन तयार होतात आणि त्यांच्यामधून चालायला वाट राहते. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल, लावणी केली त्याच दिवशी. हिशोब करून बघितला तर 10 गुंठ्याला सहा हजारांवर गोळ्या लागतात पण वजनात त्या फक्त 17 किलो भरतात. पूर्वी जिथे 18 गुंठ्याला दोन्ही खतं मिळून 70 किलो पडायची तिथे आता 31 किलोत भागतं. मला गेल्या वेळी 17 किलोला साडेचारशेच्या आसपास पडले. किलोचा भाव युरियापेक्षा महाग वाटतो आणि तिथेच बरेच जण मागे फिरतात, पण किलोचा भाव बघू नका, गुंठ्याचा बघा.

एवढ्या कमी खतात कसं भागतं हे मला पण आधी पटत नव्हतं. मग एका कृषी सहायकाने खाचरात उभं राहून समजावलं ते डोक्यात बसलं. पाण्यावर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन बराच हवेत उडतो, बराच पाण्याबरोबर वाहतो आणि जो वरच्या थरात उरतो त्यातलाही काही जिवाणू वायू करून टाकतात, पिकाच्या तोंडात जेमतेम तिसरा हिस्सा पडतो. गोळी चिखलात खोल गेली की तिथे हवा नसते, नत्र (नायट्रोजन) तिथेच अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहतं आणि चारही चुडांची मुळं तिकडे वळतात. एक चूड उपटून बघा, मुळांची जाळी गोळीच्या जागेकडे झुकलेली दिसते, मी दरवर्षी एक तरी उपटून बघते.

एक स्टार का कापला ते सांगते. गोळी ओलीला फार वाईट. पावसाळ्यात पिशवी एक रात्र उघडी राहिली की सकाळी खाली लगदा. आणि पहिल्या वर्षी ज्या दुकानातून आणली त्याने मागच्या वर्षीचा उरलेला माल दिला होता, घरी येऊन उघडली तर निम्म्या गोळ्या फुटून भुगा. त्याला परत नेऊन दाखवली तर म्हणे खत तेच आहे ना, टाका फेकून. अहो मग गोळीचे पैसे कशाला घेतले. भुगा खोचता येत नाही आणि फेकला तर तो साधा युरियाच झाला. आता मी घेताना पिशवी हातात धरून दाबून बघते, कडक लागली आणि हलवल्यावर खडखड वाजली तरच घेते, आणि घरी आल्यावर झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये. दुसरी गोष्ट, हाताला चीर पडलेली असेल तर गोळी खोचताना आग होते, लावणीच्या दिवसांत कोणाचे हात धड असतात, तर बायकांना रबरी हातमोजे द्या, फार पैसे लागत नाहीत. कोकण अन्नपूर्णा नावाची ब्रिकेट पण मिळते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची, त्यात पालाश (पोटॅश) पण असतं. ती मी वापरलेली नाही म्हणून तिच्याबद्दल काही बोलत नाही.

दोरीला दोन स्टार. रेडिमेड नायलॉनची घेतली होती, लाल-पिवळे मणी लावलेली, दिसायला सुरेख. पण ताण दिला की मणी सरकतात आणि दुपारपर्यंत 15 चे 18 नि 25 चे 21 झालेले. दुसऱ्या वर्षी माझ्या जावेने घरच्या दोरीला जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गाठी मारून बांधल्या, 15 ला लाल नि 25 ला हिरवी, ती दोरी आजतागायत चालू आहे. दोरी विकत घेऊ नका. लावणीला पहिल्या वर्षी वेळ जास्त लागला हे खरं, 10 गुंठे जे एका दिवसात व्हायचं त्याला दीड दिवस लागला आणि पडकईच्या (एकमेकींच्या शेतात आळीपाळीने राबणाऱ्या) बायका वैतागल्या, म्हणे तुझं भात लावतोय की भरतकाम करतोय. तिसऱ्या वर्षापासून मात्र एका दिवसात होतं, कारण रोपं पण कमी लागतात, एका चुडाला दोन-तीनच. आणि बेणणीला (तण काढताना) त्याच बायका म्हणाल्या की वाटेवरून चालत बेणायला बरं पडतं, कंबर तेवढी दुखत नाही.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षी 10 गुंठ्यांच्या खाचरात गोळी आणि दोरी केली आणि 8 गुंठे जुन्या पद्धतीने ठेवले म्हणजे तुलना होईल. 10 गुंठ्यात 340 किलो आलं. आनंद झाला. दुसऱ्या वर्षी दीर म्हणाले एवढ्याशा गोळीने काय होतंय आणि मी माहेरी गेलेली असताना वरून आणखी युरिया मारला. गर्द काळपट हिरवं झालं, लोक थांबून बघून जायचे, आणि सप्टेंबरच्या शेवटी एका रात्रीच्या वाऱ्या-पावसात सगळं आडवं. 310 किलो, त्यातही पळींज (पोकळ दाणे) भरपूर. गोळी घातल्यावर वरून युरिया द्यायचाच नसतो, हे ठळक अक्षरात पिशवीवर लिहायला हवं.

पण आडवं झालं त्याला फक्त तो युरिया कारण नव्हता, आणि हे मला तोच कृषी सहायक म्हणाला. त्याने विचारलं, पेंढा किती घातलास? मी म्हटलं पेंढा कसला, पेंढा गुरांना. म्हणाला मग तू चारसूत्री करतच नाहीयेस, दोनसूत्री करत्येस. ते मला लागलं, आणि बरंच झालं लागलं ते.

भाताच्या पेंढ्यात काय असतं बघा. नत्र थोडंसं, अर्धा-पाऊण टक्का, स्फुरद त्याहून कमी, पण पालाश दीड टक्क्याच्या आसपास आणि सिलिकॉन चार ते सात टक्के. या सिलिकॉनची बनलेली सिलिका म्हणजे भाताच्या ताटाचं हाड. पात धारदार लागते, हाताला कापते, ती सिलिकामुळेच. ती असली की ताट ताठ उभं राहतं, पात सरळ राहून ऊन घेते, करप्याला आणि खोडकिड्याला आत शिरायला जड जातं. आणि आपली जमीन जांभ्याची, लाखो वर्षांच्या पावसाने सिलिका धुऊन धुऊनच जांभा तयार होतो, म्हणजे ज्या गोष्टीची भाताला सगळ्यात जास्त गरज तीच आपल्या मातीत कमी आणि जी काही थोडी ताटात चढते ती आपण दरवर्षी कापून खळ्यावर नेतो आणि परत म्हणून आणत नाही. युरियाच्या गोणीत सिलिका नसते, डीएपीत पण नसते, आपल्या गोळीत पालाश पण नाही. म्हणजे पेंढा न घालता नुसती गोळी खोचत राहिलं तर वर्षानुवर्षं जमिनीतून पालाश नि सिलिका उपसतच राहायची. गोळी विकत मिळते म्हणून तिची जाहिरात होते. पेंढा कोणी विकत नाही म्हणून त्याचं कोणी नाव काढत नाही.

शिफारस आहे हेक्टरी साधारण 2 टन, म्हणजे माझ्या 10 गुंठ्याला 200 किलो, पहिल्या नांगरटीला मातीत गाडायचा. आता 200 किलो पेंढा आणायचा कुठून? 10 गुंठ्यातून निघतो तोच तीनशे-साडेतीनशे किलो आणि गोठ्यात दोन गुरं. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं की गुरांच्या तोंडचं काढून चिखलात घालायला देणार नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात याच गोष्टीवरून घरात दोन दिवस धुसफूस चाललेली असताना मी माडीवर आंब्याची अढी मोकळी करायला गेले आणि डोळ्यासमोरच उत्तर! अढीला घातलेला पेंढा, पेट्यांत भरलेला पेंढा, हे सगळं आंबा संपला की आपण काय करतो? परड्यात ढीग करून काडी लावतो. त्याला आंब्याचा चीक लागलेला, गुरं तोंड लावत नाहीत. शेजारच्या दोन बागायतदारांकडे विचारलं तर म्हणाले ने बाई, उलट आमची जागा साफ होईल. शिवाय उडवीच्या (पेंढ्याच्या गंजीच्या) तळाचा उंदरांनी कुरतडलेला, ओल लागून काळा पडलेला थर असतो, तो पण गुरांना चालत नाही. तीन वाड्यांतून टेम्पोच्या दोन फेऱ्यात दोनशेच्या वर किलो जमलं. गुरांच्या पेंढीला हात न लावता.

तिसऱ्या वर्षी वळीव पडल्यावर पहिल्याच नांगरटीला तो पसरून गाडला, लावणीला मधे महिना-सव्वा महिना होता, तेवढ्यात बऱ्यापैकी मऊ पडला. भाजावळ बंद केली. भातगिरणीतून तूस फुकट मिळतं, ते ढीग करून वरून पत्रा ठेवून धुमसत जाळायचं, काळं झालं की पाणी मारून विझवायचं, पांढरी राख होऊ द्यायची नाही, आणि तरव्याच्या वाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळायची. याचा फायदा तरवा काढताना कळतो. रोपं हलक्या हाताने सुटतात, मुळं तुटत नाहीत, मातीचा गोळा झटकायला गुडघ्यावर आपटावं लागत नाही. आणि मार्चमध्ये झाडं बोडकी करायची नाहीत हा केवढा मोठा आनंद, आमच्या घरामागची दोन किंजळाची झाडं या चार वर्षांत पहिल्यांदा झाडासारखी दिसायला लागलीत. गिरिपुष्पाची खुंटं बांधावर लावलीत, पण 10 गुंठ्याला 300 किलो पाला लागतो आणि माझ्याकडे तिसऱ्या वर्षी शंभरच निघाला, तेवढाच चिखलणीच्या आठवडाभर आधी घातला.

तिसऱ्या वर्षी 10 गुंठ्यात 405 किलो. गेल्या वर्षी 420. त्याच पावसात शेजारच्या 8 गुंठ्यात नेहमीसारखेच सव्वादोनशे. आणि मला आकड्यापेक्षा जास्त समाधान दिलं ते ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळच्या वादळाने, आजूबाजूचं सगळं भात आडवं झालं होतं आणि आमचं 10 गुंठ्यांचं खाचर लोंब्या खाली घालून पण उभं. दीर कितीतरी वेळ बांधावर उभे होते, काही बोलले नाहीत, पण यंदा 8 गुंठ्याला पेंढा त्यांनीच ओढून आणला.

पाण्याबद्दल. पावसाळी भाताला पाणी वाचवायचा प्रश्नच नाही असं वाटतं पण सप्टेंबरात आठ-दहा दिवस उघडीप पडली की जांभ्याची माती लगेच फाटते. पेंढा घातलेल्या खाचरात भेगा पडायला तीन-चार दिवस उशीर लागतो, हे मी दोन्ही वर्षी शेजारी शेजारी बघितलं. खरी बचत वायंगणात. तिथे पऱ्यातून पंपाने पाणी, पूर्वी दर तिसऱ्या दिवशी पंप. आता चार इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा, खालच्या अर्ध्या भागाला सगळीकडून भोकं पाडलेली, अर्धा मातीत गाडायचा आणि आतली माती काढून टाकायची. पाइपात पाणी दिसतं ते जमिनीखालचं पाणी. ते 15 सेंटिमीटर खाली गेलं की मगच पंप लावायचा. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पसरवलेली ही पद्धत, 30 टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं असं ते सांगतात. माझ्याकडे एका हंगामात 26 वेळा पंप लागायचा तो 17 वर आला, डिझेल तुम्हीच मोजा. फक्त लावणीनंतर पहिले दोन-तीन आठवडे पाणी ठेवायचं, एक तर तणासाठी आणि दुसरं गोळीच्या भोवतीची माती सुकायला नको म्हणून, आणि फुलोऱ्याच्या आधी आठवडा ते नंतर आठवडा अजिबात सुकू द्यायचं नाही, तिथे कंजूषी केली तर पळींजच हातात येणार.

वायंगणातच मी पेंढ्याची सगळ्यात मोठी चूक केली ती पण लिहिते. झोडणी झाल्यावर वेळ मिळाला नाही म्हणून चिखलणीच्या जेमतेम आठवडाभर आधी पेंढा घातला, तोही न तोडता लांबच्या लांब. लावणी झाल्यावर रोपं पिवळी, चिखलात पाय टाकला की बुडबुडे आणि घाण वास. कच्चा पेंढा कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःलाच घेतात, पिकाला उरत नाही, आणि पाण्याखाली हवा नसताना कुजला की मिथेन तयार होतो, ते बुडबुडे त्याचेच. तीन आठवडे रोपं थिजून होती, मग सावरली पण फुटवे कमीच राहिले. म्हणून पेंढा घालायचा तर लावणीच्या निदान महिनाभर आधी, माती ओलसर पण पाणी साचलेलं नसताना, आणि कोयत्याने वीतभर तुकडे करून. पेंढा कुजायला वेळ द्यायला जमणार नसेल तर त्या हंगामात घालूच नका, शेणाबरोबर खड्ड्यात टाकून कंपोस्ट करा आणि पुढच्या वेळी वापरा.

कोणासाठी नाही तेही सांगते. ज्यांची वरकस, पाणी धरतच नाही अशी रेताड जमीन आहे त्यांनी गोळीवर पैसे घालू नका, नत्र पाण्याबरोबर खाली निघून जातं. आणि ज्यांच्याकडे लावणीला माणसंच नाहीत त्यांनी नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) बघावी, त्यात गादीवाफ्यावर टोकणी, चिखलणी नाही, लावणी नाही आणि कापणीनंतर भाताची मुळं वाफ्यातच कुजू द्यायची. माझा मळा खोलगट, पाणी साचणारा, म्हणून मी तिकडे गेले नाही.

गोळी मे महिन्यातच सांगून ठेवा, जूनच्या शेवटी गेलात तर मागच्या वर्षीची मिळते. आणि आंबा संपला की अढीच्या पेंढ्याला काडी लावायच्या आधी शेजारी-पाजारी विचारा. राजापूरच्या आसपास कोणाकडे असेल आणि नको असेल तर मला सांगा, यंदा 18 च्या 18 गुंठ्याला 360 किलो लागणार आहे, माझ्याकडे आत्ता अडीचशेच जमलाय, टेम्पो मी घेऊन येते.